छातीचे ऑपरेशन झालेल्या माणसाला उठवायचे कधी?

घरात कुणाची बायपास झाली, हृदयाची झडप बदलली किंवा फुप्फुसाभोवती साठलेला पू काढण्यासाठी छाती उघडावी लागली, की माणूस घरी यायच्या आधी पलंगाची तयारी होते. समोरच्या खोलीत जाड गादी, पाठीमागे तीन-चार तकिये, उशाशी पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पिशवी. "उठो नक्को अब्बा, क्या होना बोलो," असे म्हणत मुले-सुना सगळे जागेवर आणून देतात. अयादतीला येणारा प्रत्येक जण जाताना तेच सांगून जातो: दोन महिने पूर्ण आराम. यामागे प्रेम आहे, यात शंका नाही. पण छातीच्या ऑपरेशननंतर असे पडून राहणे हेच दुखण्याचे एक मोठे कारण ठरते, आणि डॉक्टरांच्या जगात आता याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

दवाखान्यात मात्र उलटे चाललेले दिसते. काल ऑपरेशन झाले आणि आज नर्स येऊन सांगते, यांना खुर्चीत बसवा. परवा म्हणते, वॉर्डात एक चक्कर मारून आणा. नातेवाईक घाबरतात. काही जण तर म्हणतात, खाट रिकामी करायची यांना घाई झाली आहे. आपल्या बीड जिल्ह्यातून छत्रपती संभाजीनगर, पुणे, लातूरकडे ऑपरेशनला गेलेल्या किती तरी कुटुंबांकडून मी हे ऐकले आहे. डॉक्टर सांगतात ते दवाखान्यात नाइलाजाने ऐकायचे आणि घरी आल्यावर आपल्या मनासारखे करायचे, असा एकूण प्रकार असतो.

मुळात ही घाई आली कुठून? डेन्मार्कमधले शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनांपासून एका वेगळ्या पद्धतीची सुरुवात केली. ऑपरेशन चांगले होऊनही रुग्ण इतके दिवस खाटेवर का राहतो, हे त्यांनी बारकाईने पाहिले. वेदना, उपास, नळ्या आणि निजून राहणे या गोष्टीच त्याला धरून ठेवतात, असे त्यांच्या लक्षात आले. मग वेदना नीट आवरणे, लवकर खायला देणे, नळ्या लवकर काढणे आणि लवकर चालवणे अशा गोष्टी एकत्र करून त्यांनी रुग्णांना पुष्कळ लवकर घरी पाठवून दाखवले. पुढे ही पद्धत इतर ऑपरेशनांकडे गेली. २०१९ साली फुप्फुसाच्या ऑपरेशनांसाठी आणि त्याच वर्षी हृदयाच्या ऑपरेशनांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सविस्तर सूचना प्रसिद्ध केल्या. फुप्फुसाच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटले आहे की रुग्णाला ऑपरेशननंतर २४ तासांच्या आत हालचाल करायला लावावी.

पडून राहण्याने माणसाचे काय होते, याचा एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात पाच निरोगी तरुणांना, वय अवघे वीस, तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांची श्रम करण्याची ताकद खूप घटली. नंतर व्यायाम करून घेतल्यावर ती परत आली. खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी ताकद कमी केली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती. ही निरोगी तरुणांची गत. आपल्या साठीच्या अब्बांना, तेही मधुमेह असताना, दोन महिने पलंगावर ठेवले तर काय होईल, याचा विचार करावा.

छातीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. टाके दुखतात म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, वरवरचा घेतो. खोकला दाबतो. त्यामुळे फुप्फुसाचा खालचा भाग हवेशिवाय मिटून जातो, तिथे कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. दुसरीकडे हलत नसलेल्या पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. बसणे, उभे राहणे, चालणे यांनी श्वास आपोआप खोल होतो आणि पायांतले रक्त फिरते. आजारी माणसाला चालवायचे ते एवढ्यासाठी.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

लवकर उठण्याची तयारी ऑपरेशनच्या आधी सुरू होते. बिडी, सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद झाली पाहिजे, आणि हे सांगणारा पहिला माणूस बायको नसावा. तिचे कोण ऐकतो? मोठ्या भावाने किंवा डॉक्टरांनीच सांगावे. अंगात रक्त कमी असेल तर ते आधी भरून काढायचे असते. आपल्या भागातल्या बायकांमध्ये ही तक्रार फार, म्हणून तारीख ठरताच हिमोग्लोबिनबद्दल विचारावे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणावी. दात-तोंड स्वच्छ असावे.

करोनाच्या काळात घरोघरी आलेले तीन गोळ्यांचे प्लॅस्टिकचे यंत्र आठवत असेल. कपाटावर धूळ खात पडलेले ते यंत्र वापरायचे असेल तर आधी नवी नळी आणून ते स्वच्छ करून घ्या. पुष्कळ जण त्यात फुंकर मारतात. फुंकायचे नसते, तोंडाने हळूहळू हवा आत ओढायची असते. गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद तशीच धरायची. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर सराव झाला असेल तर नंतर वेदनेत नव्याने शिकावे लागत नाही. ऑपरेशननंतर जागेपणी दर तासाला दहा वेळा, असे साधारण सांगतात.

आणखी एक. "रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नको" हे आपल्याकडे सरसकट सांगितले जाते. आजच्या सूचनांप्रमाणे साधे पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत बहुतेक रुग्णांना चालते, जेवण मात्र सहा तास आधी थांबवावे लागते. स्वतःच्या मनाने काही करू नका, पण भूलतज्ज्ञांना विचारायला काहीच हरकत नाही.

खाटेवरून खाली

छातीत नळी आहे म्हणून रुग्णाला हलवायचे नाही, हा समज सर्वत्र आहे. नळी असताना चालता येते. बाटली हातात किंवा स्टँडवर, नेहमी छातीच्या खालच्या पातळीवर ठेवायची; उचलून वर धरायची नाही, आपल्या मनाने नळीला चिमटा लावायचा नाही. श्वासाबरोबर नळीतले पाणी वर-खाली होते, त्याला घाबरू नये. नळी चुकून निघाली तर त्या जागेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून लगेच नर्सला हाक मारायची.

दुखणे सहन करणे म्हणजे सब्र, असे मानणारे आपल्याकडे आहेत. सब्राचा दर्जा मोठाच आहे. पण इथे दुखणे लपवले तर माणूस खोकत नाही आणि चालत नाही, मग कफ साचतो. म्हणून वेदनेची गोळी वेळेवर घ्यावी, चालायच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर अधिक चांगले. खोकताना एक उशी छातीशी दोन्ही हातांनी आवळून धरावी. टाके उसवतील ही भीती त्याने बरीच कमी होते.

उठवताना आपण एक गोष्ट हमखास चुकीची करतो. दोन माणसे दोन्ही बाजूंनी रुग्णाचे हात धरून त्याला ओढतात. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये छातीचे मधले हाड उभे कापून पुन्हा स्टीलच्या तारांनी बांधलेले असते. हात ओढला की ताण त्या हाडावर येतो. त्याऐवजी रुग्णाने कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि आपण त्याच्या पाठीला, खांद्यामागून आधार द्यावा. पलंगाला दोरी बांधून ती धरून उठण्याची पद्धतही या दिवसांत नको.

इथे कोणत्या बाजूने कापले हे समजून घेतले पाहिजे, कारण नियम वेगवेगळे आहेत. मधले हाड कापले असेल तर ते चांगले जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर जड उचलणे, ढकलणे, ओढणे, मोटारसायकल चालवणे बंद. फुप्फुसासाठी बरगड्यांच्या मधून बाजूने कापले असेल, तर उलट त्या बाजूचा हात रोज वर न्यायला हवा, केस विंचरायला हवेत, नाहीतर खांदा आखडतो आणि मग महिनोन् महिने सदरा घालता येत नाही. दुर्बिणीने लहान छिद्रांतून काम झाले असेल तर सगळेच लवकर जमते. शेजारच्या चाचांना जे सांगितले होते ते आपल्याला लागू होईलच असे नाही. घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून आपल्यापुरते लिहून घ्यावे.

नमाज आणि चालणे

नमाजचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना उभे राहून, ते जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढायला सांगितले, ही हदीस सहीह बुखारीत आहे. मधले हाड कापलेल्या रुग्णाने सज्द्यात जाताना आणि विशेषतः सज्द्यातून उठताना दोन्ही हातांवर भार येतो, आणि याच दिवसांत तो भार टाळायचा असतो. म्हणून खुर्चीवर बसून, रुकूसाठी थोडे आणि सज्द्यासाठी त्याहून जास्त झुकून नमाज पढावी. जमिनीवरचा सज्दा कधी सुरू करायचा, ते तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारावे. ज्येष्ठ मंडळींना खुर्चीवरच्या नमाजने समाधान होत नाही. अशा वेळी मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी घरी येऊन दोन शब्द सांगितले तर डॉक्टरांच्या दहा शब्दांपेक्षा उपयोग होतो.

वजूची अडचण छातीमुळे येत नाही, हाताच्या सलाइनच्या सुईमुळे आणि बायपाससाठी पायाची शीर काढलेली असेल तर त्या जखमेमुळे येते. पट्टीवर मसह किंवा तयम्मुम यांची सवलत आपल्याला ठाऊक आहेच. आपल्या प्रसंगी काय करावे ते आलिमांना विचारावे. रमजान जवळ आला असेल तर गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा सूरह बकरामध्येच दिलेली आहे, आणि अल्लाहने दिलेली सवलत नाकारण्यात पुण्य नाही.

उलट पाच वक्तांची नमाज चालण्याच्या कामाला फार छान येते. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात रुग्णाने एकदम अर्धा तास चालायचे नसते, थोडे थोडे पण अनेकदा चालायचे असते. प्रत्येक नमाजनंतर अंगणात किंवा गल्लीत पाच मिनिटे, असे धरले तर दिवसाला पाच फेऱ्या होतात. नंतर दर दोन-तीन दिवसांनी एखादे मिनिट वाढवायचे. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. छातीत दुखले, चक्कर आली, धडधड वाढली तर लगेच बसायचे. काही आठवड्यांनी दम भरून आला की झुहर किंवा असरला मशिदीपर्यंत पायी जाता येते, आणि त्या दिवशी घरात ईदच असते.

पाण्याची घागर

इतका वेळ मी "अब्बा" लिहिले. अम्मींचे ऑपरेशन झाले तर घरात अगदी वेगळे चित्र दिसते, आणि या लेखाला बसण्याचे खरे कारण तेच आहे.

माझ्या वर्गातली आठवीतली एक मुलगी तीन आठवडे शाळेत आली नाही. घरी गेले तेव्हा कळले की तिच्या आईची पुण्यात झडप बदलली आहे. आई सोप्यात उकिडवी बसून भांडी घासत होती. टँकर एक दिवसाआड येतो, तेव्हा मुलगी आणि आई मिळून पाणी भरतात. ऑपरेशनला अजून महिना झालेला नव्हता. मी म्हटले, यांनी वजन उचलायचे नाही. तिची दादी म्हणाली, "डॉक्टरच बोले ना, चलो फिरो, लेटो नक्को." म्हणजे पुरुषाला जो सल्ला पाळू दिला जात नाही, तोच सल्ला बाईच्या बाबतीत कामाला जुंपण्याचा परवाना होतो. भरलेली घागर पंधरा किलोच्या आसपास जाते. तारांनी बांधलेल्या हाडावर पंधरा किलो, डोक्यावर चढवताना दोन्ही हात वर.

चालणे आणि ओझे वाहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाईलाही चालायचे आहे, श्वासाचे व्यायाम करायचे आहेत, हलकी कामे बसून करायची आहेत. पहिल्या आठवड्यांत दोन-तीन किलोंपेक्षा जास्त काही उचलायचे नाही. पाण्याची कळशी नाही, गॅसची टाकी नाही, दहा जणांच्या भाकरीचे पीठ मळणे नाही, कपडे पिळणे नाही. लहान मूल उचलून कडेवर घेणे नाही; आई बसलेली असताना मूल तिच्या मांडीवर दुसऱ्याने द्यावे. एक नाजूक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. मधल्या जखमेवर स्तनांच्या वजनाचा ताण येतो, दुखते आणि जखम भरायला वेळ लागतो. समोरून उघडणारी, आधार देणारी मऊ चोळी दिवसरात्र घालावी. फिजिओथेरपिस्ट पुरुष असेल म्हणून पुष्कळ जणी व्यायामच शिकत नाहीत. बाई फिजिओथेरपिस्ट आहे का, हे विचारावे. नसेल तर नर्सकडून शिकावे किंवा शौहर, मुलगी यांच्यासमोर शिकून घ्यावे. पण शिकल्याशिवाय घरी येऊ नये.

त्या घरी मुलीचा थोरला भाऊ अकरावीत होता. घरातल्या कुणालाही तो पाणी भरेल असे सुचले नव्हते. त्याच्या वडिलांशी बोलले तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "भरील की." आता तो भरतो. मुलगी शाळेत येते, टँकर उशिरा आला की अजूनही तिला उशीर होतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हे आणखी कठीण आहे. आपल्या जिल्ह्यात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, दोघांपैकी एक खाटेवर गेला की कोयता मोडतो आणि कर्ज अंगावर राहते. या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढण्याचा प्रश्न इतका गाजला की २०१९ साली राज्य शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ऑपरेशननंतर लगेच फडात परतलेल्या बायकांच्या दुखण्याच्या कहाण्या तेव्हा पुष्कळ ऐकायला मिळाल्या. छातीचे ऑपरेशन झालेल्या माणसाने "शेतीचे काम करतो" एवढेच डॉक्टरांना सांगू नये. ऊस तोडतो, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो, असे नीट सांगावे. मग डॉक्टर किती महिने थांबायचे ते त्या कामाप्रमाणे सांगतील, आणि मुकादमाशी बोलताना हातात कागद असेल.

खर्चाबद्दल थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाची आणि छातीची बरीच ऑपरेशने बसतात, आणि मर्यादा आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन ऑपरेशनच्या आधीच त्याला भेटावे. घरी परतल्यावर व्यायामासाठी दर वेळी पुण्याला जावे लागत नाही. अंबाजोगाईचे स्वाराती रुग्णालय, आपल्या आजोबांच्या तोंडी ज्या गावाचे नाव मोमिनाबाद असायचे तिथले, ग्रामीण भागासाठीच उभे राहिलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी करावी. डिस्चार्जचा कागद बरोबर न्यावा.

जेवणात नुसती पातळ खिचडी आणि साबुदाणा देऊन जखम भरत नाही. अंडी, डाळ, मासे, कमी तेलातली यखनी, दही हे रोज हवे. अयादतीला येणाऱ्यांनी दहा मिनिटांत दुआ करून निघावे, आणि सर्दी-खोकला असेल तर फोनवरच विचारपूस करावी.

घरी असताना काही गोष्टींसाठी तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नसते: जखमेतून पू किंवा पाणी येणे, थंडी वाजून ताप, छातीचे हाड हलताना किंवा कटकट वाजताना जाणवणे, एकाच पायाला सूज आणि दुखणे, अचानक दम लागणे, थुंकीत रक्त. रात्र असली तरी दवाखान्यात न्यावे. आणि धातूची किंवा कार्बनची झडप बसवली असेल तर रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर असते. ती एक दिवसही चुकवायची नाही, त्यासाठीची रक्ततपासणी सांगितलेल्या तारखेला करायची आणि दात काढायला गेलो तरी आधी ते सांगायचे. त्या गोळीचे नाव एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून रुग्णाच्या खिशात किंवा बुरख्याच्या आतल्या कप्प्यात कायम असू द्यावे.